दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा घात

आपल्याकडे म्हण आहे, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. बांधावरून दोन भाऊबंद कोर्टात गेले की वकिलाचे फावते, हे आपण गावोगावी पाहिले आहे. परंतु भांडणाऱ्या दोघांच्या हातात अणुबॉम्ब असतील तर ही म्हण उलटी करून वाचावी लागते. तेथे तिसऱ्याच्या वाट्याला लाभ नव्हे, घात येतो. आणि त्या तिसऱ्याला भांडणापूर्वी कोणी विचारलेलेही नसते.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसे गोळ्या घालून मारली. त्यांत एक नेपाळी तरुणही होता. त्यानंतर ७ मे ते १० मे असे चार दिवस भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि तोफा यांचा मारा झाला व १० मे रोजी तो थांबला. त्या चार दिवसांत वर्तमानपत्रांनी दोन्ही देशांच्या अण्वस्त्रांचे आकडे शेजारीशेजारी छापले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या आरंभी भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती. कोणाकडे दहा जास्त, कोणाकडे दहा कमी, याची चर्चा नाक्यानाक्यावर झाली. पण ही अस्त्रे वापरली गेली तर आपल्या उशाशी असलेल्या नेपाळचे काय होईल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न आपल्या मुखपत्राने का विचारावा? कारण नेपाळचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध मुख्यतः रेल्वे आणि टपाल कामगारांच्या हातांतून जातो. नेपाळला समुद्र नाही. कोलकाता आणि हल्दियाच्या बंदरांत उतरलेला त्याचा माल मालगाडीने रक्सौलला येतो आणि तेथून पलीकडे वीरगंजजवळ सिर्सियाच्या कोरड्या बंदरात जातो. २००४ पासून हा लोहमार्ग चालू आहे. २०१७ पासून विशाखापट्टणमहूनही कंटेनर येऊ लागले. जयनगर ते कुर्था ही ब्रॉडगेज गाडी २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली, तिचे डबे पुरवले ते आपल्या कोकण रेल्वेने. नेपाळ जागतिक टपाल संघाचा सभासद १९५६ मध्ये झाला; तोवर त्याची परदेशची टपाल भारतीय टपाल खात्यामार्फतच जात असे. आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर कुशीनगर एक्सप्रेस लागली की जनरल डब्यापुढच्या रांगेत पाहावे. गोरखपूरला उतरून सोनौलीची सीमा ओलांडणारे वॉचमन, हॉटेलातले पोरगे, बांधकामावरचे मजूर त्या रांगेत उभे असतात. ही माणसे आपली प्रवासी आहेत, पूर्वी त्यांच्या मनीऑर्डरी आपल्याच खिडकीवर लिहिल्या जात. त्यांच्या घराचे काय होणार, हे आपण नाही विचारायचे तर कोणी विचारायचे?

प्रथम अंतरे पाहू. नकाशावर नेपाळ आणि पाकिस्तान यांची सीमा कोठेही लागत नाही. त्यामुळे नेपाळवर बॉम्ब पडणार नाही, असे सहज म्हटले जाते. ते खरेही असेल. पण दिल्लीपासून नेपाळची पश्चिम सीमा, बनबसाजवळ, सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत आहे. लखनौपासून नेपाळगंजची सीमा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. गंगेकाठचे नरोरा अणुवीज केंद्र सीमेपासून दोनशे किलोमीटरही दूर नाही. मुंबई ते पुणे हे अंतर ज्यांनी गार्डाच्या डब्यातून हजारदा कापले, त्यांना हे आकडे समजावून सांगायला नकोत.

आता किरणोत्सारी धूळ म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बॉम्ब शहराच्या वर उंच हवेत फुटला तर आग आणि दाब यांनी शहर नष्ट होते, पण जमिनीवरची माती फारशी वर ओढली जात नाही. हिरोशिमा आणि नागासाकीला असे झाले. परंतु विमानतळाची धावपट्टी, जमिनीखालचे कोठार किंवा लष्करी ठाणे उद्ध्वस्त करायचे असेल तर बॉम्ब जमिनीलगत फोडतात. मग हजारो टन माती वितळून, किरणोत्सारी होऊन ढगात चढते आणि वारा नेईल तेथे काही तासांत किंवा काही दिवसांत खाली बसते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही, तिला वास नाही. ती छपरावर बसते, विहिरीत उतरते, गवतातून गाईच्या दुधात येते आणि दुधातून लहान मुलांच्या गळ्यातील ग्रंथीत जाते.

याचा दाखला इतिहासात आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या राँगेलाप बेटावर ती राख बर्फासारखी पडली. पोरे तिच्यात खेळली. त्याच समुद्रात जपानची एक मासेमारी नौका होती, तिच्यावर २३ मच्छीमार होते. ते सर्व आजारी पडले, एकजण सप्टेंबरमध्ये मेला. या मच्छीमारांचे अमेरिकेशी भांडण नव्हते, रशियाशीही नव्हते. ते ड्यूटीवर होते, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यानंतर जपानमध्ये गृहिणींनी, कामगारांनी दारोदार फिरून बॉम्बविरोधी सह्या गोळा केल्या. १९५५ पर्यंत त्या तीन कोटींवर गेल्या.

दुसरा दाखला चेर्नोबिलचा. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुभट्टी फुटली. दोन दिवसांनी हजार किलोमीटरहून दूर असलेल्या स्वीडनमध्ये कामगारांच्या बुटांना लागलेल्या किरणोत्सारामुळे ती बातमी जगाला कळली. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवर त्या दिवसांत पाऊस पडला आणि पावसाने ती धूळ कुरणांवर आणली. तेथील मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. म्हणजे सव्वीस वर्षे! आणि हा तर नुसता अपघात होता.

आता उत्तर भारतातील वारा पाहा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पंजाबात पेटवलेल्या काडाचा धूर गंगेच्या खोऱ्यातून हिमालयाच्या पायथ्याशी पसरतो. लखनौ, गोरखपूर विभागांत डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात, हे आपल्या लोको पायलट बंधूंना ठाऊक आहे. तेच धुके, तीच हवा नेपाळच्या तराईत असते. हवेला चेकपोस्ट नाही. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा बदलते हे खरे, पण तेव्हा पाऊस हवेतली धूळ धुऊन डोंगरउतारांवर उतरवतो. वेल्सच्या डोंगरांवर जे झाले ते मग महाभारत डोंगररांगांतही होऊ शकते.

पण समजा, वारा कृपाळू निघाला आणि धूळ नेपाळवर आली नाही. तरीही नेपाळ वाचत नाही. कारण त्याची चूल आपल्याकडून पेटते. बिहारमधील मोतीहारीहून अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी १० सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. तिच्यातून आणि टँकरमधून जाणाऱ्या तेलावरच काठमांडूच्या बसगाड्या, रुग्णवाहिका, इस्पितळांतील जनरेटर चालतात. स्वयंपाकाचा गॅस येथूनच जातो. औषधे मुख्यतः येथूनच जातात. तांदूळ पिकवणारा तो देश असूनही तांदूळ येथून मागवावा लागतो.

हा पुरवठा थांबला की काय होते, हे नेपाळी जनतेने दोनदा भोगले आहे. २३ मार्च १९८९ रोजी व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले आणि नवे झाले नाहीत. दोन सोडून सीमेवरचे बाकीचे मार्ग बंद झाले. हे वर्षाहून अधिक चालले. रॉकेल मिळेना म्हणून लोकांनी जंगले तोडून चुली पेटवल्या. त्यानंतर २०१५ मध्ये दुसरी पाळी आली. २५ एप्रिलच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली होती, लाखो कुटुंबे ताडपत्रीखाली होती. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईतील मधेशी जनतेचे आंदोलन पेटले आणि सीमेवर मालमोटारींच्या रांगा लागल्या. ही नाकेबंदी भारताने केली असे काठमांडू म्हणत होते. आंदोलनामुळे मार्ग बंद आहे असे दिल्ली म्हणत होती. दोष कोणाचा यावर आजही वाद आहे. पण सामान्य माणसाला गॅसचे सिलिंडर अर्धेच भरून मिळाले, यावर वाद नाही. त्या हिवाळ्यात इंधन, अन्न, औषधे आणि लसी यांच्या टंचाईमुळे पाच वर्षांखालील तीस लाखांहून अधिक मुलांच्या जिवाला धोका आहे, असा इशारा युनिसेफला द्यावा लागला.

ध्यानात घ्या, त्या दोन्ही वेळी भारतातील रेल्वे शाबूत होती. बंदरे शाबूत होती, कारखाने चालू होते. फक्त फाटक बंद होते. अणुयुद्धात फाटक उघडे असेल, पण त्यातून पाठवायला काही नसेल. आपण रेल्वेचे कामगार आहोत. यार्डात एक वाघीण घसरली तर पूर्ण विभागाची वाहतूक कशी कोलमडते ते आपण जाणतो. मग ज्या दिवशी दिल्ली, कानपूर, मुंबई यांसारखी जंक्शनेच उरणार नाहीत, त्या दिवशी रक्सौलचा रेक कोण भरणार, कोण चालवणार आणि कोणत्या इंधनावर? जे डिझेल उरेल ते आधी लष्कराला आणि मग आपल्याच जखमींना लागेल. नेपाळचा नंबर केव्हा येईल? आणि त्यासाठी दिल्लीच्या मनात दुष्टावा असण्याची गरज नाही. उपाशी घरातून शेजाऱ्याला भाकरी जात नाही, इतकेच.

याहूनही मोठे संकट आकाशातून येते. शहरे पेटली की काजळीचे लोट वातावरणाच्या वरच्या थरात जातात. तेथे पाऊस नसल्याने ती काजळी वर्षानुवर्षे टिकते आणि सूर्यप्रकाश अडवते. हे काही कादंबरीतील नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तर १८१६ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही आणि पिके बुडाली. २०१९ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका गटाने भारत-पाकिस्तान युद्धाचा हिशेब मांडला. भारताने १०० आणि पाकिस्तानने १५० अण्वस्त्रे शहरांवर टाकली तर बॉम्बच्या ताकदीप्रमाणे पाच ते साडेबारा कोटी माणसे मरतील. पृथ्वीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्क्यांनी घटेल. तापमान २ ते ५ अंशांनी उतरेल. पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी कमी होईल आणि हे सावरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. २०२२ मध्ये आणखी एका अभ्यासाने सांगितले की अशा युद्धानंतरच्या उपासमारीत जगभर दोनशे कोटींवर माणसे मरू शकतील. शहरांतून इतकी काजळी वर चढणार नाही, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे. परंतु हे हिशेब निम्मे चुकले असे धरले, तरी उरलेले निम्मे नेपाळसारख्या देशाला पुरेसे आहेत.

कारण तेथील बहुसंख्य जनता शेतीवर जगते. असारच्या पंधरा तारखेला तेथे भातलावणीचा सण असतो. माणसे चिखलात उतरतात, दहीपोहे खातात. डोंगरातील पायऱ्यापायऱ्यांची वावरे पावसावर अवलंबून आहेत. मान्सून पाचव्या हिश्शाने जरी घटला आणि गारठ्याने भाताची लोंबी भरलीच नाही, तर पहिल्या वर्षी साठा संपतो, दुसऱ्या वर्षी बियाणे खाल्ले जाते. त्या वेळी कोणताही देश धान्य निर्यात करणार नाही. ज्या नेपाळने एकही बॉम्ब बनवला नाही, तो अशा रीतीने एकही बॉम्ब न पडता उपाशी मरेल.

आता माणसांकडे येऊ. भारत-नेपाळ सीमा १,७५० किलोमीटरहून लांब आहे आणि १९५० च्या करारामुळे ती खुली आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम ही राज्ये तिला लागून आहेत. युद्ध झाले तर भाजलेली, तहानलेली, घाबरलेली माणसे कोणत्या दिशेला पळतील? डोंगराकडे. तीन कोटींच्या आतल्या लोकसंख्येचा देश गंगेच्या खोऱ्यातील लोंढा कसा सामावून घेणार? आणि भारतात काम करणारे लक्षावधी नेपाळी मजूर त्याच वाटेने घरी निघतील. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा धारचुला येथे पूल बंद होता. पलीकडे आपले गाव दिसत असताना शेकडो नेपाळी मजूर अलीकडे अडकले आणि काहींनी महाकाली नदीत उड्या घेतल्या. आपल्याही श्रमिक बांधवांची त्या वेळी जी परवड झाली ती आपण पाहिली आहे. ती साथ होती. स्टेशने उभी होती. या वेळी स्टेशनेही नसतील.

भारतीय लष्करात गोरखा पलटणी आहेत. १९४७ च्या त्रिपक्षीय करारान्वये नेपाळी नागरिक त्यांत भरती होत आले आणि दोन्ही बाजूंच्या अनेक लढायांत लढले. २०२२ मध्ये अग्निपथ योजनेवरून नेपाळने भरती थांबवली, तरी त्याआधी भरती झालेले जवान गणवेशात आहेत आणि निवृत्तांचे पेन्शन पोखरा, काठमांडू, धरान येथील कार्यालयांतून वाटले जाते. म्हणजे युद्ध पुकारण्याचा अधिकार नेपाळला नाही, पण त्यात मरणारे मुलगे नेपाळचे आहेत. आणि परदेशांतून येणारा पैसा, ज्यावर त्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा उभा आहे, तोही आटेल.

हे सर्व घडू नये म्हणून दोन मोठ्या शेजाऱ्यांनी काय केले आहे? काहीच केले नाही असे म्हणणे अन्याय होईल. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही सरकारे आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कितीही तणाव असला तरी. क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार २००५ मध्ये, तर अण्वस्त्रांच्या अपघाताची खबर देण्याचा करार २००७ मध्ये झाला. हे चांगलेच आहे. पण हे सर्व करार दोघांचे आहेत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नू येथे पडले. नशिबाने त्यावर स्फोटक नव्हते, कोणी मेले नाही. भारताने चूक कबूल केली, अधिकाऱ्यांवर कारवाई केली. परंतु अशी चूक उद्या भलत्या दिवशी झाली आणि त्यातून भडका उडाला, तर नेपाळ, भूतान, बांगलादेश यांना आधी खबर देण्याचे बंधन कोणावरही नाही. पिलियन सीटवर बसलेल्याला ब्रेकची दोरी नाही, अशी ही स्थिती आहे. उत्तरेला चीन आहे आणि त्याच्याकडेही अण्वस्त्रे आहेत, हे ध्यानात घेतले तर नेपाळची कोंडी अधिकच कळते.

नेपाळ मात्र गप्प बसलेला नाही. आपला देश शांतता क्षेत्र म्हणून मान्य व्हावा, असा प्रस्ताव राजे वीरेंद्र यांनी १९७५ मध्ये मांडला. पुढे राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, पण ही दिशा सुटली नाही. आशिया आणि प्रशांत विभागासाठी संयुक्त राष्ट्रांचे शांतता व निःशस्त्रीकरण केंद्र २००८ पासून काठमांडूतून काम करू लागले. अण्वस्त्रबंदीचा करार २० सप्टेंबर २०१७ रोजी सह्यांसाठी खुला झाला त्याच दिवशी नेपाळने सही केली. भारत आणि पाकिस्तान त्यात नाहीत. सार्कचे सचिवालय काठमांडूत आहे. परंतु २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद भरवण्याचे दोन मोठ्या सभासदांना जमले नाही. लहान भावाने घर दिले, सतरंजी घातली. थोरले दोघे बोलायलाच बसत नाहीत.

या मुद्द्यावर आपल्याच शाखांतील काही मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, बॉम्ब आहे म्हणूनच मोठे युद्ध झाले नाही. पाकिस्तानकडे असताना आपण निःशस्त्र राहायचे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दहशतवादाचा मार आपल्या देशाने सोसला आहे. आपल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी प्रवासी आणि रेल्वेचे कर्मचारी मारले गेले, ते आपण विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्यावर वर्षभरातच कारगिल घडले. मग २००१-०२ मध्ये सीमेवर लाखोंच्या फौजा उभ्या राहिल्या, २०१९ मध्ये बालाकोट झाले, २०२५ मध्ये चार दिवसांची लढाई झाली. बॉम्बने अतिरेकी थांबवले नाहीत आणि चकमकीही थांबवल्या नाहीत. प्रत्येक वेळी आपण थोडक्यात वाचलो. सिग्नल तोडूनही गाडी दहा वेळा सुखरूप गेली, म्हणून सिग्नल तोडणे ही सुरक्षित कार्यपद्धती ठरते काय? रेल्वे कामगाराने याचे उत्तर स्वतःच द्यावे.

आणखी एक आठवण द्यायला हवी. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. हजारो तुरुंगात गेले, क्वार्टर्समधून बायकापोरांना बाहेर काढले गेले. संपाच्या अकराव्या दिवशी, १८ मे रोजी, पोखरणला पहिला अणुस्फोट झाला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून आपल्या मागण्या एका दिवसात खाली गेल्या. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस चोवीस वर्षांनी, मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते. व्यक्तीवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. पण बॉम्बचा जयजयकार सुरू झाला की कामगाराचा आवाज ऐकू येत नाही, हा धडा आपल्या चळवळीने स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. मग ज्याला मुळात आवाजच लहान आहे, त्या शेजारी देशाचे कोण ऐकणार?

टपाल कामगार बंधूंसाठी एक नाव सांगतो. सुमितेरू तानिगुची. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीत तो सोळा वर्षांचा पोरगा सायकलवरून टपाल वाटत होता. स्फोटाच्या केंद्रापासून तो सुमारे पावणेदोन किलोमीटरवर होता. त्याची पाठ पूर्ण भाजली. पुढे जवळजवळ दोन वर्षे त्याला पालथे पडून राहावे लागले. तो जगला आणि मरेपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिला. ज्या हिबाकुशा संघटनेचे नेतृत्व त्याने केले, त्या निहोन हिदांक्योला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तानिगुचीच्या झोळीत त्या दिवशी जी पत्रे होती ती कोणाला पोहोचली नाहीत. आपल्या झोळीतली पत्रे पोहोचावीत, एवढेच आपले मागणे आहे.

तेव्हा कामगार चळवळीने काय मागावे? पहिली गोष्ट, भारताने प्रथम अण्वस्त्र न वापरण्याचे जे धोरण २००३ मध्ये जाहीर केले ते कोणत्याही निवडणुकीच्या भाषणात सैल होऊ देऊ नये आणि पाकिस्ताननेही तशी हमी द्यावी. दुसरी, क्षेपणास्त्र चाचणी आणि अण्वस्त्र अपघात यांची खबर नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका यांनाही मिळावी. तिसरी, नेपाळच्या मालवाहतुकीच्या मार्गांवर, मग तणाव कोणताही असो, राजकारण होऊ नये. औषध, इंधन आणि धान्य यांना अडवू नये. चौथी, सार्कची परिषद भरावी आणि अणुधोका हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर असावा. पाचवी, जनतेच्या दळणवळणाचे धागे तोडू नयेत. समझोता एक्सप्रेस आणि थार एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबल्या. ३ मे २०२५ रोजी पाकिस्तानची टपाल आणि पार्सले घेणे बंद झाले. सरकारांना त्यामागे कारणे असतील. पण पत्र आणि गाडी बंद झाली की दोन बाजूंमध्ये फक्त क्षेपणास्त्रच ये-जा करते.

या मागण्या शाखांच्या सभांत वाचाव्यात, ठराव करावेत, ते आपल्या खासदाराला पाठवावेत. कँटीनमध्ये, रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलावर या विषयावर बोलावे. देशप्रेमात आपण कोणाला कमी नाही. या देशाच्या गाड्या आणि या देशाची टपाल युद्धातही आपणच चालवली आहे. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. आज रात्रीही एखादा रेक रक्सौलकडे निघाला असेल. त्यात कोणाच्या घरचे मीठ असेल, कोणाचे औषध असेल. तो पोहोचवणे हे आपले काम आहे, आणि पोहोचवण्यासाठी पलीकडे गाव शिल्लक राहील हे पाहणेही आपलेच काम आहे.